मधुमेहाचे संशोधक घडवायचे कुठे?

मधुमेहींचे आकडे वारंवार छापून येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. या रोगावर संशोधन करणारी पुढची पिढी कशी तयार होते, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातील त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर माता व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने हलकी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, हे त्यातून जगाला कळले. असे काम तीन वर्षांच्या प्रकल्पात उरकत नाही. मुले मोठी होईपर्यंत तरुण संशोधकाने टिकायला हवे, आणि त्याचे घरही चालायला हवे!

एंडोक्रायनॉलॉजीत, म्हणजे मधुमेहासारख्या संप्रेरकांच्या विकारांच्या शास्त्रात, डीएम ही अतिविशेष पदवी घेतलेल्या डॉक्टरांना ओपीडीतून सवड नसते. प्रयोगशाळेत पीएचडी केलेल्यांचा रुग्णांशी क्वचितच संबंध येतो. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या टी-३२ या प्रशिक्षण अनुदानातून या दोघांना एकाच कार्यक्रमात प्रशिक्षण मिळू शकते. आपल्याकडे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन शिकणारा तरुण, बहुधा एकाच मार्गदर्शकाच्या भरवशावर असतो, आणि पाठ्यवृत्ती रखडली की उसनवारी करतो.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पुण्या-मुंबईतील संशोधन संस्थांना सोबत घेऊन असा संयुक्त कार्यक्रम सुरू करावा. निदान पाच वर्षांचा असावा, आणि पाठ्यवृत्ती दरमहा वेळेवर खात्यात जमा व्हावी.

– एक वाचक, पुणे