डब्यातले मक्याचे दाणे

खोंडोवे, लिव्हिंगस्टोनिया, मलावी
१४ सप्टेंबर

प्रिय छबू,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवा मझुझूहून येणाऱ्या गाडीबरोबर वर आलं. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं आणि तिथेच व्हरांड्यात उभ्या उभ्या वाचून काढलं. फोनवर आपण बोलतो, पण इथे रेंज येते तशी जाते. 'बरी आहेस ना, जेवलीस ना' एवढ्यावरच फोन तुटतो. म्हणून आज नीट लिहायला बसले आहे.

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. दिवसभर तिथे दोघं करता तरी काय? आणि डिसेंबरचं तिकीट काढलंस का? पहिलीचं उत्तर आधी देते. दुसरीचंही देणार आहे, पण त्याआधी तुला इथलं सगळं दिसायला हवं, नाहीतर माझं कारण तुला कळणार नाही.

पहाटे पाचला जाग येते ती खराट्याच्या आवाजाने. इथल्या बायका उजाडायच्या आत अंगण झाडतात, मातीवर खराट्याच्या रेघा उमटेपर्यंत. हे उठून म्बाउला पेटवतात. म्बाउला म्हणजे कोळशाची शेगडी. लाइट असली तर हॉटप्लेट आहे, पण लाइटचा भरवसा नाही. कॉफी इथल्याच डोंगरातली, फोका लोकांच्या उतारावरच्या बागांमधली. पायरीवर बसून आम्ही ती पितो आणि खाली सरोवर उजळताना बघतो. सरोवर कसलं, समुद्रच तो, साडेपाचशे किलोमीटरहून लांब. हवा स्वच्छ असली की पलीकडे टांझानियाचे डोंगर दिसतात. मग शास्त्रपाठ, प्रार्थना. तुझं नाव रोज असतं.

एकेचाळीस वर्षांचा संसार आमचा, पण तो कसा केला ते तुला माहीत आहे. मी नाइटवरून यायची तेव्हा हे कामावर निघालेले असायचे. ओट्यावर चिठ्ठ्या ठेवून आम्ही एकमेकांशी बोलायचो. इथे येऊन पहिल्यांदा तिन्ही वेळा समोरासमोर बसून जेवतो आहोत. पहिल्या महिन्यात बोलायचे विषयच संपले. मला वाटलं, हा माणूस मला फारसा ठाऊकच नाही. आता ताटावर बसून दोघं गप्प असलो तरी घर भरल्यासारखं वाटतं.

हॉस्पिटल घरापासून दहा मिनिटांवर, पण पोचायला अर्धा तास लागतो, कारण वाटेत भेटेल त्याची विचारपूस केल्याशिवाय पुढे जायचं नसतं. "म्वाउका उली?" म्हणजे उठलात कसे. "नाउका माकोरा, क्वाली इम्वे?" बरी उठले, आणि तुम्ही? हे तुंबुका भाषेतलं. सुरुवातीला मी घड्याळ बघत चालायची आणि हे प्रत्येकापाशी टोपी काढून थांबायचे. आता मीही थांबते. इथे मला सगळे 'आमामा' म्हणतात, म्हणजे आई, यांना 'आदादा', म्हणजे वडील, आणि मुलांचे आम्ही दोघंही 'आगोगो', म्हणजे आजीआजोबा.

वाटेत डॉ. रॉबर्ट लॉज यांचं दगडी घर लागतं, १९०३ सालचं. हे स्कॉटिश डॉक्टर १८७५ मध्ये या देशात आले आणि १९२७ पर्यंत राहिले. मिशनचं पहिलं ठाणं खाली दक्षिणेला, केप मॅक्लिअरला, पाण्याच्या काठावर होतं. तिथे तापाने माणसं गेली, अजून थडगी आहेत. १८८१ मध्ये ठाणं बांडावेला हलवलं, तिथेही तेच. शेवटी १८९४ मध्ये इथे वर, खोंडोवेच्या पठारावर आले. नर्स म्हणून मला या गोष्टीचं फार वाटतं, छबू. मलेरिया डासातून येतो हे डॉ. रोनाल्ड रॉस यांनी दाखवलं १८९७ मध्ये. म्हणजे हे लोक चढून आले तेव्हा त्यांना एवढंच कळलेलं होतं की खाली माणसं मरतात आणि वर जगतात. तेवढ्या आधारावर त्यांनी शाळा, दवाखाना, चर्च सगळं या उंचीवर उभारलं. खालच्या चिटिम्बाहून वर यायचा रस्ता पंधरा किलोमीटरचा, त्यात वीस नागमोडी वळणं. आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा हे वळणं मोजत होते आणि मी डोळे मिटून स्तोत्र म्हणत होते.

त्या घराजवळ जमिनीवर दगडांनी अक्षरं मांडलेली आहेत. १९५९ मध्ये इंग्रज सरकारने इथे आणीबाणी पुकारली. विमानातून इथल्या मिशनऱ्यांना निरोप टाकला, की हवं असेल तर तुम्हाला बाहेर काढतो. त्यांनी उत्तर जमिनीवर लिहिलं, वरून वाचता येईल एवढं मोठं: इफिसकरांस पत्र, अध्याय २, वचन १४. ख्रिस्त आपली शांती आहे, त्याने दोघांमधली भिंत पाडली, ते वचन. एवढं मांडून ते लोक इथेच राहिले. मी रोज त्या दगडांवरून जाते. आधी नुसती बघायची, हल्ली थांबते.

आता माझं काम. छत्तीस वर्षं मी बाळंतपणं केली, तू तर माझ्या शेजारच्या टेबलावर होतीस. इथे मात्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असल्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही. नियम योग्यच आहे, आपल्याकडे कोणी परकी बाई येऊन लेबर रूममध्ये शिरली असती तर आपणही तिला बाहेरच ठेवलं असतं. पण पहिले दोन महिने माझे हात नुसते शिवशिवायचे. लिनन मोजायची, टोप्या शिवायची, घरी येऊन रडायची. एक दिवस मेट्रनबाई म्हणाल्या, "आमामा, तुम्ही वेटिंग होममध्ये जाऊन बसा." बसा! मला वाटलं, म्हातारीला कोपरा दाखवला.

वेटिंग होम म्हणजे दिवस भरत आलेल्या बायकांचं राहायचं घर. लांबच्या गावांतून त्या शेवटच्या आठवड्यांत येऊन राहतात, कारण कळा सुरू झाल्यावर डोंगर चढून येणं कसं जमणार? २०१२ मध्ये जॉइस बांदा राष्ट्राध्यक्ष झाल्या, या देशाच्या पहिल्या बाई राष्ट्राध्यक्ष. त्यांनी अशी घरं देशभर बांधायचं मनावर घेतलं, गावोगावच्या प्रमुखांना त्यात ओढलं. प्रत्येक बाईबरोबर तिची आई, सासू नाहीतर बहीण असते, तिला इथे 'गार्डियन' म्हणतात. तीन दगडांच्या चुलीवर ती सीमा शिजवते, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सोबत काहीतरी देंदे, पाला किंवा सुकी उसिपा मासळी.

तर मी जाऊन बसले. करायचं काय, तर एक तरुण नर्स तुंबुकात सांगते आणि मी विचारत राहते. डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, पाय सुजलेत का, बाळ कालच्याइतकं हलतं का? बायका आधी लाजतात. तासभर चिंध्यांच्या टोप्या शिवत बसलं की मग कोणीतरी हळूच म्हणते, काल रात्रीपासून डोकं जड आहे. ते हळूच म्हटलेलं ऐकायला तिथे आधीपासून कोणीतरी बसलेलं असावं लागतं, छबू. वॉर्डात आपल्याला बसायला वेळच कुठे होता? जुलैमध्ये अशाच एकीचं दुखणं टोपीला टाके घालता घालता कळलं. बीपी भलतंच वाढलेलं. नर्सने लगेच आत नेलं. आई आणि मुलगा दोघं सुखरूप घरी गेले.

यांचं काम माझ्यापेक्षा सरळ आहे. मागच्या शेडमध्ये हे आणि तीन तरुण मुलं खाटांना वेल्डिंग करतात, ढकलगाड्यांची चाकं बसवतात, बायकांची पायाची शिलाई मशीन दुरुस्त करतात. यांच्या हातात पाना असला की हे बोलके होतात, हे मला इथे कळलं. मुलांना इंग्रजीत सांगतात आणि मध्येच मराठीत शिरतात. परवा त्यातला एक मुलगा मला "थांबा थांबा" म्हणाला, अगदी यांच्याच सुरात.

फेब्रुवारीत हे आजारी पडले ते मी तुला फोनवर पुरतं सांगितलं नव्हतं. कामासाठी चिटिम्बाला दोन रात्री राहिले आणि दहा-बारा दिवसांनी थंडी वाजून ताप भरला. तपासणी झाली, मलेरिया. गोळ्या तीन दिवसांच्या, सहा डोस, दूध किंवा काही स्निग्ध पदार्थाबरोबर घ्यायच्या म्हणजे अंगी लागतात. रात्री दोनला बाहेर पावसाचा मारा, लाइट नाही, मी टॉर्च तोंडात धरून यांना गोळी देते आहे आणि हे म्हणतात, "तू झोप, तुला सकाळी बायकांकडे जायचंय." त्या रात्री मी देवाशी भांडले. का आणलंस आम्हाला इथे म्हणाले. सकाळी दार उघडलं तर पायरीवर अंडी, दुधाची बाटली आणि एक गार्डियन म्हातारी चितेंजे, म्हणजे इथल्या बायका गुंडाळतात ते कापड, पदर ओढल्यासारखं डोक्यावरून घेऊन बसलेली. केव्हापासून बसली होती कोण जाणे. काही बोलली नाही. हे उठून खुर्चीत बसलेले दिसल्यावर गेली.

रविवारी चर्च. उपासना तीन तासांची, वाद्य नसलं तरी चार सुरांत सगळं चर्च गातं. रंगीत काचांच्या खिडकीत डॉ. लिव्हिंगस्टन आहेत, ज्यांचं नाव या गावाला आहे, आणि सोबत औषधांची पेटी. मी प्रवचन समजेनासं झालं की त्या पेटीकडे बघते.

आता ती मुलगी. जूनमध्ये वेटिंग होमला आली, वय एकोणीस, पहिलटकरीण, बरोबर आई. तिच्याकडे एक पत्र्याचा डबा होता. नर्सने अंदाजे तारीख सांगितली तितके मक्याचे दाणे मोजून तिने त्यात टाकले आणि रोज सकाळी एक काढून कोंबडीला घालायची. मी गेले की डबा कानाशी हलवून दाखवायची. आवाज दिवसेंदिवस हलका होत गेला. चार दाणे उरलेले असताना रात्री तिला कळा सुरू झाल्या. निरोप आला तशी मी गेले. दारापर्यंतच. आत नर्स होती, तीच, वेटिंग होममध्ये माझ्याबरोबर बसणारी. लाइट गेली तेव्हा यांनी शेडमधला सोलर दिवा आणून आत दिला आणि बाहेर अंधारात उभे राहिले. मी आणि मुलीची आई बाकावर. तिने माझं मनगट धरलं होतं, नाडी बघावी तसं, आणि सोडलं नाही. आतून काय चाललंय ते मला आवाजावरून सगळं कळत होतं, कळ किती अंतराने येते, केव्हा थांबते, नर्सचा आवाज केव्हा बदलला. बाळाचे खांदे अडकले होते. मी उठले, छबू. दोन पावलं टाकली. मग आतून नर्सचा आवाज ऐकला, शांत, एकेक शब्द, तिच्या हाताखालच्या मुलीला सांगत होती पाय कसे वर घ्यायचे. ती हे अगदी बरोबर करत होती. मी परत बसले. मुलीच्या आईने पुन्हा मनगट धरलं. थोड्या वेळाने बाळ रडलं.

सकाळी मुलीने तो डबा मला दिला, चार दाण्यांसकट. नको म्हटलं तरी ऐकेना.

आता तुझा दुसरा प्रश्न. मी तिकीट काढलेलं नाही. आमची दीड वर्षाची मुदत ऑक्टोबरमध्ये संपते. इथल्या मंडळीने आम्हाला अजून एक वर्ष राहाल का असं विचारलं. यांनी मला एका शब्दाने आग्रह केला नाही. तीन दिवस आम्ही प्रार्थना केली, आणि आम्ही हो म्हटलं. ती नर्स पुढच्या वर्षी वेटिंग होमचं सगळं काम हातात घेणार आहे, आणि तोवर रोज तिच्याजवळ बसायचं असं मी ठरवलं आहे.

तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला उशाशी मी असेन असं वचन मी दिलं होतं. ते मोडते आहे. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तू रजा टाकून राहिली होतीस, हे मी विसरले नाही. रागावलीस तर रागव, पण मला तसं लिही, गप्प राहू नकोस. माझी सून पहिले पंधरा दिवस तुझ्याकडे राहायला येईल, तिच्याशी बोलून झालंय, तिला तुझं सगळं पथ्य माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी तुला उभं करतील तेव्हा घाबरू नकोस, आणि दुखलं तर गोळी मागून घे, सहन करत बसू नकोस. व्यायाम चुकवायचा नाही.

काल वेटिंग होममध्ये बायकांना तुझ्याबद्दल सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, तारीख कोणती? मला सांगता आली नाही. डॉक्टरांनी दिवस पक्का केला की लगेच कळव. डबा खिडकीत ठेवला आहे, बायका दाणे मोजायला बसल्या आहेत.

तुझीच,
बेबी