चि. सोनूस

अनेक आशीर्वाद.

परवा तू रागाने फोन ठेवलास, मीही परत लावला नाही. इथे दादाकडे डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलंय. लिहू नका, असं कुणी म्हणालेलं नाही.

व्हीएमसी, म्हणजे ते संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, घेतलीस याचं वाईट वाटलेलं नाही. शिरोलीच्या शेडमध्ये नवं मशीन आलं आणि डायरेक्टर म्हणून लेकीची सही आहे, हे इथल्या सोसायटीत वॉचमनपर्यंत सांगून झालंय. पण त्याच्या कर्जासाठी वैयक्तिक हमीवर सही करण्याआधी कुणाशी बोललीस? कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असली तरी त्या सहीने बँक तुझ्या घराच्या दारापर्यंत येऊ शकते. सीएंना विचारलं म्हणालीस. ते हिशेब बघतात. बँकवाल्याला कर्ज खपवायचंय. मला विचारशील तर मी भीतीपोटी नकोच म्हणणार. तुझ्या धंद्यात ज्याचा पैसा नाही आणि जीवही अडकलेला नाही, असं एक माणूस हवं गं.

मला उद्यमनगरात तात्या होते. पहिल्या मोठ्या ऑर्डरचं कोटेशन घेऊन गेलो, तर कॉटन वेस्टला हात पुसत त्यांनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, "ब्लोहोल निघालं तर मशिनिंगचे पैसे कुणाचे?" कास्टिंगच्या आतलं भोक टर्निंग झाल्यावरच दिसतं. फौंड्री दुसरं कास्टिंग देते, आपली मजुरी बुडते. उत्तर काही त्यांनी दिलं नाही. "जा, फौंड्रीवाल्याकडून लिहून आण," म्हणाले. तेव्हापासून दर महिन्याला येणी-देणी घेऊन त्यांच्यापुढे बसायचो. तुझी आई चिडायची, अंबाबाईला जायला वेळ नाही, तात्यांकडे बरा मिळतो.

तुझं जवळजवळ सगळं काम एकाच गिऱ्हाइकाचं, आणि तो नव्वद दिवस लावतो. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, हे तुलाही ठाऊक आहे. पण पुढची ऑर्डर ज्याच्या हातात, त्याच्यावर तक्रार कोण करणार? अशा वेळी काय आणि कोणत्या सुरात बोलायचं, हे त्यातून गेलेलाच सांगू शकतो. आणि कंपनीची वार्षिक विवरणपत्रं वेळेवर भर. सलग तीन वर्षं राहिली तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो.

झालं, पुन्हा शिकवणी सुरू. राग मानू नकोस.

आत्याकडे कुंडलला जाताना गाडीतून किर्लोस्करवाडी दाखवायचो, आठवतं? बेळगावातून कारखाना हलवायची पाळी आली तेव्हा १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना तिथल्या माळावर जागा दिली. तू म्हणशील, बाबा, ती जागा होती, सल्ला नव्हता. खरंय. तू लहानपणापासून अशीच वाद घालतेस आणि बऱ्याचदा तुझंच बरोबर निघतं. म्हणून तर जास्त काळजी वाटते. ज्याचं नेहमी बरोबर निघतं, त्याला टोकायला कुणी जात नाही.

स्मॅकच्या, आपल्या शिरोलीच्या कारखानदारांच्या संघटनेच्या, बैठकीला जात जा. चहा पिऊन परत येऊ नकोस, कुणापुढे तरी खरा ताळेबंद उघड. मशीनचा विमा उतरवलास ना? तात्यांच्या थोरल्याने आता स्वतःचं काम मुलावर सोपवलंय, त्याच्याकडे वेळ असतो. नंबर आईकडे आहे. मी सुचवलं म्हणून सांगू नकोस.

तुझा,
बाबा