जुना अॅम्प्लिफायर रिकामा करू नका, नव्याने बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इमारत पुनर्विकासाला गेली किंवा दिवाळीच्या तोंडावर माळा आवरायला काढला की मुंबईतल्या घराघरांतून सत्तर-ऐंशीच्या दशकातले स्टिरिओ अॅम्प्लिफायर खाली उतरतात. बरेचसे भंगारवाला वजनावर नेतो. उरलेल्यांचं जे होतं त्याचं मला जास्त वाईट वाटतं. 'मॉडर्न करून देतो' म्हणून कोणीतरी आतलं सगळं उचकटतो, तळहाताएवढा तयार क्लास-डी (स्विचिंगवर चालणारा) अॅम्प्लिफायर बोर्ड आणि ब्लूटूथ बसवतो आणि मूळ ट्रान्सफॉर्मर तांब्याच्या भावात विकून टाकतो. असे बरेच बोर्ड २४ व्होल्ट डीसीवर चालतात, त्यामुळे जुना ट्रान्सफॉर्मर त्यांना जुळतच नाही. म्हणजे संचातली सगळ्यात महागडी आणि टिकाऊ वस्तूच आधी बाहेर जाते.

खरं तर अशा संचात झिजणाऱ्या वस्तू थोड्या असतात: इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (आत द्रव असलेले, काळाने सुकणारे), बायस म्हणजे गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट ठरवणारे प्रीसेट, व्हॉल्यूमचे पॉट (फिरवायचे रेझिस्टन्स), स्विच, सॉकेट आणि ट्रान्झिस्टरखालचं हीटसिंक कंपाउंड (उष्णता पुढे नेणारा लेप). ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, पत्र्याची पेटी आणि बहुतेक रेझिस्टन्स पुढची पंचवीस वर्षं सहज काढतात. जे झिजलं तेवढंच, आजच्या चांगल्या मालाने बदलावं. कसं, ते सविस्तर लिहितो.

सुरुवात लोहार चाळीतून करावी. तिथून एक होल्डर, १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब (एलईडी चालणार नाही) आणि वायर आणून सिरीज बोर्ड (बल्बमधूनच संचाला वीज देणारा) तयार करावा. वर्षानुवर्षं बंद पडलेला संच थेट भिंतीच्या सॉकेटला लावू नये. बल्ब सिरीजमध्ये ठेवून चालू केल्यावर तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करावं. स्पीकर या टप्प्यावर जोडायचे नाहीत. फिल्टर कंडेन्सर (पॉवर सप्लायमधले मोठे इलेक्ट्रोलिटिक) स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामे करण्याची सवयही सोडावी. १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टन्स पाच सेकंद टेकवला की ४७०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ठिणगीशिवाय रिकामा होतो. मग मल्टीमीटरने खात्री करून घ्यावी.

पहिलं काम पॉवर सप्लायचं. पुष्कळ जुने ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्ट धरून गुंडाळलेले असतात. आपल्याकडे २३० येतात, रात्री लोड कमी झाला की २४० सुद्धा. त्यामुळे आतला डीसी मूळ आकड्यापेक्षा पाच ते नऊ टक्के चढलेला असतो. मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो २४० वर ठेवावा. नवे कंडेन्सर घेताना ५० व्होल्टच्या जागी ६३ व्होल्टचे आणि ८५ ऐवजी १०५ अंशांचे घ्यावेत. तापमान दहा अंशांनी कमी राहिलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून हा फरक छोटा नाही. आजचे कंडेन्सर आकाराने लहान असल्यामुळे ४७०० च्या जागेत ६८०० किंवा १०,००० आरामात बसतो. एक अँपियर ओढताना ४७०० वर सुमारे दोन व्होल्ट रिपल (डीसीवर उरलेली लहर) राहतो, १०,००० वर एक. पण म्हणून २२,००० ठोकू नयेत. चालू करताना येणारा करंटचा झटका जुना ब्रिज (एसीचा डीसी करणारे डायोड) आणि फ्यूज उडवतो. दुपटीपर्यंतच जावं आणि सोबत ब्रिजही नवा, २५ अँपियरचा, पेटीच्या पत्र्यावर कसून बसवावा.

हम, म्हणजे स्पीकरमधली सततची घुमघुम, कुठून येतो हे कानाने ओळखता येतं. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही तेवढाच राहणारा, किंचित खरखरीत, १०० हर्ट्झचा हम फिल्टर कंडेन्सरचा. व्हॉल्यूमबरोबर वाढणारा मऊ ५० हर्ट्झचा हम इनपुटच्या शील्डचा किंवा अर्थिंगचा. हे न ओळखताच कंडेन्सर बदलत बसणारे खूप आहेत.

आता ट्रान्झिस्टर. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. भारतीय संचांत आउटपुटच्या दोन्ही बाजूंना बहुधा २एन३०५५ हा एनपीएन पॉवर ट्रान्झिस्टर असतो, कारण त्या काळी तेवढ्याच ताकदीचा पीएनपी (उलट ध्रुवांचा) जोडीदार महाग होता. मूळ २एन३०५५ संथ, ट्रान्झिशन फ्रिक्वेन्सी (त्याच्या वेगाची मर्यादा) ०.८ मेगाहर्ट्झच्या आसपास. आज त्याच नावाने मिळणारा २.५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वेगवान असतो. नाव तेच, पाय तेच, पण जुन्या पाटीवर (सर्किट बोर्डवर) बसवला की सर्किट ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर आंदोलन करू लागतं. गाणं लावलेलं नसताना हीटसिंक चटका देतं आणि दोन दिवसांत नवी जोडी उडते. मग दोष मालाला दिला जातो. उपाय सोपा आहे. आउटपुटवर १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची झोबेल जोडी (असं आंदोलन दाबणारे रेझिस्टन्स आणि कंडेन्सर) आहे का ते बघावं, नसेल तर घालावी. प्रत्येक आउटपुट ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये, अगदी पायाजवळ, २.२ ते ४.७ ओहमचा रेझिस्टन्स द्यावा. शक्य असेल तर ऑसिलोस्कोपवर एकदा बघून घ्यावं. सप्लाय ६० व्होल्टच्या जवळ असेल तर २एन३०५५ चा विचारच सोडावा, त्याची मर्यादाच ६० आहे. त्याच आकाराचा, १४० व्होल्टचा एमजे१५००३ घ्यावा.

पॉवर ट्रान्झिस्टरखाली मायका (वीज अडवणारा अभ्रकाचा पातळ तुकडा) असतो तो नीट बघावा. जुनं पांढरं कंपाउंड सुकून चुन्यासारखं झालेलं असतं आणि नखाने खरवडलं की पावडर पडते. ते स्पिरिटने पूर्ण पुसावं. मग हीटसिंकच्या भोकांच्या कडांवरून बोट फिरवावं. ड्रिलची बारीक धार उरलेली असेल तर ती मायका भोसकते आणि कलेक्टर, म्हणजे ट्रान्झिस्टरचं धातूचं अंग, पेटीला लागतो. मोठं ड्रिल बिट हातानेच दोन वेढे फिरवलं की कड गुळगुळीत होते. नवा मायका, दोन्ही बाजूंना कंपाउंडचा पातळ थर, स्क्रू कसल्यावर कलेक्टर आणि हीटसिंक यांच्यात मल्टीमीटरवर ओपन दिसलाच पाहिजे. ही तपासणी पुरवठा देण्याआधी, प्रत्येक ट्रान्झिस्टरची.

छोट्या ट्रान्झिस्टरमध्ये पायांचा घोळ होतो. बीसी१४८ च्या जागी बीसी५४७ चालतो, पण पायांचा क्रम जुळेलच असं नाही. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. जपानी पद्धतीच्या २एससी१८१५ मध्ये एमिटर, कलेक्टर, बेस. पाटीवरची जागा बघून नव्हे, सर्किटची आकृती बघून बसवावेत.

प्रीसेट मात्र न विचारता बदलावेत. जुन्या उघड्या कार्बन प्रीसेटचा सरकता संपर्क सुटला की अनेक सर्किटांत बायस एकदम पूर्ण चढतो आणि आउटपुटची जोडी क्षणात जाते. सर्मेटचे (सिरॅमिक-धातूच्या थराचे) बहुफेरी प्रीसेट घालावेत आणि ते कमीत कमी बायसवर ठेवून सुरुवात करावी. एमिटर रेझिस्टन्स ०.४७ ओहम असेल तर त्यावर सुमारे १२ मिलिव्होल्ट म्हणजे २५ मिलिअँपियर. ०.२२ असेल तर साडेपाच. सर्किटच्या आकृतीवर वेगळा आकडा छापला असेल तर तोच धरावा. शेवटचं ठरवणं सिरीज बल्ब काढून, झाकण ठेवून, अर्धा तास तापल्यावर.

त्यानंतर आउटपुटवरचा डीसी मोजावा. दुहेरी सप्लायच्या (धन आणि ऋण असे दोन्ही व्होल्ट असलेल्या) संचात ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त, १०० च्या वर गेला तर कारण शोधावं. एकेरी सप्लायच्या संचात ट्रान्झिस्टरांच्या मधल्या बिंदूवर सप्लायच्या निम्मे व्होल्ट हवेत. तिथे स्पीकरच्या वाटेतला मोठा कंडेन्सर बदलताना मूळ १००० असेल तर २२०० घालावा. आठ ओहमवर खालची मर्यादा २० हर्ट्झवरून ९ वर येते आणि तबल्याच्या डग्ग्याचा भरीवपणा लगेच जाणवतो.

मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेने सॉकेट हिरवे पडतात आणि व्हॉल्यूम खरखरतो. वंगण असलेल्या कॉन्टॅक्ट क्लीनरने तो बहुधा सुधारतो. तरीही खरखर राहिली तर पॉट फेकण्याआधी त्याच्या टोकांवर डीसी मोजावा. आधीचा कपलिंग कंडेन्सर (डीसी अडवून फक्त आवाज पुढे सोडणारा) गळत असला की पॉटवर डीसी येतो आणि मग कितीही फवारलं तरी आवाज जात नाही. तिथे एक ते २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर घालावा, तो सुकत नाही. जपानी संचांत मोठ्या कंडेन्सरखाली लावलेला गोंद तपकिरी झाला असेल तर खरवडून काढावा. तो काळाने वीज वाहू लागतो आणि शेजारच्या तारा खातो.

माल लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, सगळा मिळतो. नकलीही तिथेच मिळतो. बिल घ्यावं, कंडेन्सर मीटरवर मोजून घ्यावेत आणि पॉवर ट्रान्झिस्टर चार लागत असतील तर पाच घ्यावेत. एकाचं टोपण कापून बघावं. आत मोहरीएवढी चिप निघाली तर बाकीचे चार परत करावेत. जुन्या तपकिरी पाट्यांचे ट्रॅक उष्णतेने सुटतात, म्हणून २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, साधं ६०/४० सोल्डर आणि एका जागी तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही.

शेवटची दोन कामं कोणी सहसा करत नाही, पण ती टाळू नयेत. दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची लावावी आणि हिरवी तार पेटीच्या पत्र्याला, रंग खरवडून, स्क्रूने कसावी. दुहेरी सप्लायचा संच असेल तर स्पीकरच्या वाटेत रिलेची संरक्षण पाटी घालावी. चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी ती स्पीकर जोडते आणि आउटपुटवर डीसी आला की लगेच तोडते. ट्रान्झिस्टर पुन्हा मिळतो, जुन्या स्पीकरचा कागदी कोन तसाच परत मिळत नाही.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई