झालं का?

प्रिय सखी,

रात्रीचे साडेतीन वाजलेत. बाळ दूध पिऊन माझ्या डाव्या दंडावर झोपलंय आणि वही गुडघ्यावर टेकवून मी लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं झालं तर समजून घे.

पत्रच लिहायचं ठरवलं, कारण हे फोनवर सांगून होणार नाही. तुझा फोन आला की नेमकं कोणीतरी खोलीत येतं, मग मी "हो गं, छान झालं सगळं" म्हणते आणि विषय तिथेच संपतो. थोरलीच्या वेळीही मी तुला एवढंच सांगितलं होतं. चार वर्षं तू तेच खरं धरून चाललीस. या खेपेला मला तुला दोन्ही बाळंतपणांचं सांगायचंय.

पण त्याआधी दुसरं एक. तारीख उलटून गेल्यावर रोज सकाळी फोन हातात घेतला की तेच. "झालं का?" "काही बातमी?" "अजून नाही?" माणसं मायेनेच विचारत होती, ते कळत होतं. तरी "नाही अजून" लिहिताना दरवेळी वाटायचं, माझ्याकडून काहीतरी राहिलंय आणि मला त्याचा जाब द्यावा लागतोय. तू एकटीच होतीस जिने ते दोन शब्द एकदाही लिहिले नाहीत. तू तुझ्या वर्गातल्या त्या मुलाचं लिहीत राहिलीस, ज्याने प्रयोगशाळेतलं चंचुपात्र फोडलं आणि काचा दप्तरात लपवून घरी नेल्या. पुढे काय झालं हे वाचायला मी उठल्या उठल्या तुझा मेसेज शोधायचे. त्या दिवसांत मला पोटाबाहेरचं दुसरं काही सुचत नव्हतं. तू मला रोज पाच मिनिटं बाहेर काढलंस.

थोरली तारखेच्या सहा दिवस आधी आली होती. दुसरं तर लवकरच होतं, असं सगळे म्हणतात. म्हणून सदतिसाव्या आठवड्यातच बॅग भरून दाराशी ठेवली. तारीख आली आणि गेली. डॉक्टर म्हणाल्या, ही तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले २८० दिवस, नेमकी त्याच दिवशी येणारी बाळं शंभरात चार-पाचच. मला पटलं. पण ज्या दिवसाकडे आपण नऊ महिने बोट दाखवत आलो, तो गेल्यावर पुढच्या दिवसांना नावच उरत नाही गं. बॅगेतली झबली मी तीनदा काढून पुन्हा घड्या घातल्या.

चाळीस आठवडे आणि पाच दिवसांना तपासणी झाली. पिशवीचं तोंड एक बोटभर उघडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "बोटाने आतला पडदा जरा मोकळा करून बघू का? कधीकधी त्याने कळा सुरू होतात. दुखेल. नको असेल तर नको." मी हो म्हटलं. दुखलं. त्या रात्री खरंच कळा आल्या. दर आठ मिनिटांनी, मग सहा. मी नवऱ्याला उठवलं, आईला फोन केला, केस विंचरून तयार होऊन बसले. पहाटे साडेचारनंतर एकही कळ आली नाही. सकाळी थोरली उठून आली, माझ्या पोटावर कान ठेवला आणि म्हणाली, "अजून आतच आहे." तिला त्यात काहीच वाईट वाटत नव्हतं. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडले.

एक्केचाळीस आठवडे झाले तेव्हा पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोके बघितले, ते छान होते. सोनोग्राफीत मात्र बाळाभोवतीचं पाणी कमी झालेलं दिसलं. डॉक्टर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. सांगायला लागल्या की दिवस उलटत जातात तशी बाळाला पोसणारी वार थकायला लागते, पाणी आटतं, बाळ पोटात शी करण्याची शक्यता वाढते, आणि बाळ पोटातच दगावण्याचा धोका मुळात लहान असला तरी दर आठवड्याला वाढत जातो. जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे पूर्ण झाले की कळा सुरू करायचा सल्ला देते, हेही सांगितलं. मग म्हणाल्या, "पाणी कमी आहे म्हणून माझा सल्ला उद्या दाखल होण्याचा आहे. तरी तुम्हाला थांबायचं असेल तर एक दिवसाआड तपासू. घरी जाऊन बोला आणि मला कळवा."

मी संध्याकाळपर्यंत कळवलं नाही. धोका मला समजला होता. नडत होतं ते वेगळंच. थोरली आपली आपण आली होती आणि त्या एका गोष्टीचा मला फार आधार होता, का ते पुढे सांगते. आता याचा दिवस आपण ठरवायचा, कॅलेंडर बघून, हे मनाला लागत होतं. आठ वाजता बाळ पोटात हललं, नेहमीसारखं, उजव्या बरगडीखाली टाच रुतवून. मी हात ठेवला आणि ठरवलं, हा हलतोय तोवरच याला बाहेर घ्यायचं. फोन लावला.

दुसऱ्या दिवशी निघताना थोरलीने स्वतःच्या वेणीचा रबर काढला आणि माझ्या मनगटात घातला. पिवळा, त्यावर एक प्लॅस्टिकचं फूल, एक पाकळी तुटलेली. "तुझे केस डोळ्यांत येतील," म्हणाली. ती जन्मल्यापासून मी तिच्याशिवाय एक रात्रही काढली नव्हती. लिफ्टचं दार लागलं तेव्हा पलीकडून तिचा आवाज येत होता, आजीला काहीतरी विचारत होती. रडत नव्हती. माझंच अवसान गेलं होतं.

दाखल झाल्यावर डॉक्टरांनी तपासून गुण दिले, चार. तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ आहे का, कुठल्या बाजूला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली उतरलंय, अशा पाच गोष्टींचे मिळून तेरापैकी गुण देतात. आठच्या पुढे असतील तर पिशवीचं तोंड तयार आहे असं धरतात. माझं नव्हतं, म्हणून आधी ते मऊ करायला जेल ठेवायचं ठरलं. रात्री आठला पहिलं ठेवलं. मग पुन्हा पट्टे, पुन्हा ठोक्यांचा तो घोडा दौडल्यासारखा आवाज, आणि वाट. पोटात पाळीसारखं दुखत होतं, त्यापलीकडे काही नाही. शेजारच्या खोलीतली बाई माझ्यानंतर आली आणि बाराच्या आत तिचं बाळ रडलंसुद्धा.

दोन वाजता डॉक्टर आल्या. तपासलं, थोडाच फरक होता. म्हणाल्या, "दुसरं जेल ठेवायची वेळ झालीय. ठेवू का?"

आणि मला रडूच फुटलं. अगदी हुंदके देऊन. त्या घाबरल्या, "दुखतंय का, थांबू का?" मी नुसती मान हलवत राहिले.

सखे, थोरलीच्या वेळी मला कोणीच काही विचारलं नव्हतं. कळा माझ्या मला सुरू झाल्या होत्या, मी हिंडत-फिरत होते, चांगलं चाललं होतं. मग तपासता तपासता पायांवरून गरम पाणी वाहिलं. मला वाटलं, आपोआप फुटलं. सलाईन लावलं, ते शक्तीचं असेल असं वाटलं. त्यानंतर कळा अशा आल्या की दोन कळांमध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती. मी विचारलं, हे काय दिलंय? उत्तर आलं, "तू जोर लाव, बाकीचं आमच्यावर सोड." कोणीतरी वरून पोट दाबलं. टाके घातले तेव्हा किती आणि का हे कोणी सांगितलं नाही. चार महिन्यांनी कसल्या तरी कागदासाठी फाइल काढली आणि त्यात वाचलं की पाणी फोडलं होतं आणि कळा वाढवायचं औषध सोडलं होतं. माझ्याच अंगावर काय झालं ते मी कागदावर वाचलं. बाळ ठणठणीत होतं, सगळे खुशीत होते. मग मी तक्रार कोणत्या तोंडाने करायची? "छान झालं" म्हणत गेले. कळा तेवढ्या माझ्या मला सुरू झाल्या होत्या, त्या बाळंतपणातलं तेवढंच माझं असं मी धरून ठेवलं होतं. आता आधार का म्हटलं ते कळलं ना?

आणि इथे रात्री दोन वाजता, दिवसभर उभी असलेली बाई मला विचारत होती, ठेवू का.

मी तिला हे सगळं सांगितलं. ती पलंगाच्या कडेवर बसून ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "विचारायला हवं होतं त्यांनी." चार वर्षांत हे वाक्य मला कोणी म्हटलं नव्हतं, कारण मीच कोणाला संधी दिली नव्हती. तुलासुद्धा नाही.

सकाळी तोंड तीन सेंटिमीटर उघडलं होतं. नऊ वाजता पाणी फोडलं, सांगून, विचारून. पाणी स्वच्छ होतं, हिरवं नव्हतं, म्हणजे बाळाने आत शी केली नव्हती, सिस्टरने ते मला मुद्दाम दाखवलं. दहाला ऑक्सिटोसिनचं सलाईन लावलं. रबर आड येत होता, म्हणून सिस्टरने तो काढून दुसऱ्या मनगटात घातला. "हा राहू दे ना?" हेही तिने विचारलं.

तू रसायनशास्त्र शिकवतेस म्हणून हे खास तुझ्यासाठी. ऑक्सिटोसिन म्हणजे फक्त नऊ अमिनो आम्लांची इवलीशी साखळी. विन्सेंट दु व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये ती प्रयोगशाळेत बनवली आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. शरीर स्वतः जे बनवतं तेच बाटलीतून थेंबाथेंबाने येत होतं, दर अर्ध्या तासाने थोडं वाढवत. साडेअकराला कळा एकमेकींवर चढायला लागल्या आणि ठोके १४० वरून ९० वर आले. खोलीतला आवाज हळू झाला, घोडा दमल्यासारखा. माझे हातपाय गार पडले. सिस्टरने सलाईन बंद केलं, मला डाव्या कुशीवर वळवलं आणि म्हणाली, "हे औषध रक्तात काही मिनिटंच टिकतं. बंद केलं की कळा उतरतील. ठोके ऐकत राहा." मी ऐकत राहिले. पिवळा रबर बोटांनी पिळत होते. ९५. ११०. १३०. पुन्हा दौड सुरू झाली. ती दोन-तीन मिनिटं मी अजून झोपेत ऐकते.

अर्ध्या तासाने सलाईन पुन्हा सुरू केलं, अगदी कमी. त्यानंतर मात्र खरंच दुसऱ्या बाळासारखं झालं. साडेबाराला सहा सेंटिमीटर होते आणि एक वाजता मला खाली असा दाब आला की मी ओरडले, "येतंय!" कोणी "थांब" म्हटलं नाही, कोणी पोट दाबलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "तुमचं शरीर सांगेल तसं करा." दुखलं नाही असं मुळीच नाही. बाटलीतून आणलेल्या कळा फार जोरात येतात, मधे सावरायला वेळ देत नाहीत, आणि मी हे झेपणार नाही असं तीनदा तरी म्हटलं. नवऱ्याचा हात इतका आवळला की त्याच्या तळव्यावर माझ्या नखांचे चंद्र उमटले. पण काय चाललंय हे प्रत्येक क्षणी मला माहीत होतं. डोकं बाहेर आलं तेव्हा डॉक्टरांनी माझा हात धरून खाली नेला. ओलं, गरम, केसाळ. अर्धा आत, अर्धा बाहेर असलेला माझा मुलगा.

एक वाजून वीस मिनिटं. तीन किलो सातशे. तसाच छातीवर ठेवला. दोन मिनिटं नाळ कापली नाही. मी ती बोटांत धरून बघितली, जाड, निळसर, पिळाच्या दोरीसारखी, आणि आत ठोके. हळूहळू मंद झाले आणि थांबले, तेव्हा नवऱ्याने कापली. टाके दोन. विचारून, सांगून.

सासूबाईंनी आधी सांगून ठेवलं होतं तेही खरं निघालं, दुसऱ्यानंतर पोट जास्त दुखतं. बाळाने छातीला तोंड लावलं की खालून पिळवटून कळ यायची. पिशवी आकसते त्याच्या त्या कळा. पहिल्यानंतर इतकं जाणवलं नव्हतं. तीन दिवस दूध पाजताना दात आवळून बसायचे.

मला दुसरी भीती होती, ती तू ओळखली होतीस. थोरलीवर जेवढं प्रेम आहे तेवढं याच्यावर बसेल का? पहिल्या संध्याकाळी मी त्याच्याकडे बघत होते आणि मनात थोरलीने जेवण केलं असेल का हेच चाललं होतं. वीज वगैरे काही चमकली नाही. दुसऱ्या रात्री त्याला शिंका आल्या, ओळीने तीन, आणि तिसऱ्या शिंकेनंतर तो स्वतःच दचकला. मी त्याला पोटाशी घट्ट धरलं. तेव्हापासून तो माझा आहे.

थोरली भेटायला आली. उशिरा आलेल्या बाळांची असते तशी त्याची कातडी कोरडी, हातापायांवरून सोलवटलेली, आणि नखं लांब. तिने बराच वेळ निरखलं. मग विचारलं, "याची नखं कापायला आत कोणी नव्हतं?" नंतर माझं मनगट धरलं, रबर बघितला, फूल फिरवून तुटकी पाकळी तीच आहे ना ते तपासलं. मला वाटलं, मागेल. "राहू दे तुझ्याकडे," म्हणाली, "घरी आलीस की दे."

काल दिला. तिने तो लगेच वेणीला लावला.

तू ये. फोन करून वेळ ठरवू नकोस, सुट्टी मिळेल तेव्हा सरळ ये. आणि येताना त्या चंचुपात्रवाल्या मुलाचं पुढचं सांग, माझं मधलं सगळं वाचायचं राहिलंय. बाळ चुळबुळ करायला लागलंय, पान्हा त्याच्याही आधी जागा झालाय. थांबते.

तुझीच