बेशरम कापू नका, मुळासकट काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या हिवाळी शिबिरांचे दिवस आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं गावोगावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर श्रमदान करताहेत आणि त्यांचे फोटो आपल्या दैनिकात येताहेत. गुडघाभर पाण्यात उभी पोरं, हातात कोयते, मागे बेशरमाच्या झुडपांचा हिरवा ढीग. मुलांची मेहनत खरी आहे, म्हणूनच लिहावंसं वाटलं. या पद्धतीनं कापलेल्या तलावात येत्या पावसाळ्यात बेशरम आजच्यापेक्षा जास्त माजणार आहे.

बेशरमाचं खोड पोकळ असतं, म्हणून ते तरंगतं. त्याच्या पेराला ओला गाळ लागला की तिथूनच मुळं फुटतात. कोयत्यानं एक झुडूप तोडताना त्याचे दहा-वीस तुकडे होतात. त्यातले निम्मे पाण्यात पडतात, वाऱ्यानं पलीकडच्या काठाला लागतात आणि रुजतात. बुंधा चिखलात शाबूतच असतो, तो एकाच्या जागी चार-पाच फुटवे काढतो. गुरं याला तोंड लावत नाहीत. उपाशी शेळ्यांनी वारंवार खाल्लं तर त्यांना मज्जासंस्थेचा आजार होतो. म्हणजे चरून ते कमी होईल ही आशाच नाही.

काढायचंच असेल तर पाणी उतरून काठ उघडा पडल्यावर काढावं. आपल्याकडे एप्रिल-मे. रोहिणी लागायच्या आत काम उरकलं पाहिजे, कारण एक वळीव आला की वाळत टाकलेली खोडंसुद्धा जीव धरतात. उन्हाचा विचार करता सकाळी साडेपाच ते नऊ एवढीच वेळ कामाची. चार जणांची टोळी करावी. एकानं खोड जमिनीपासून हातभर ठेवून तोडायचं, म्हणजे उपटायला धरता येतं. दोघांनी सब्बल आणि टिकासानं बुंध्याभोवती खणून गड्डा मुळासकट मोकळा करायचा. चौथ्यानं तुकडे वेचून बाहेर न्यायचे. हे चौथ्याचं काम कमी महत्त्वाचं समजलं जातं, आणि तिथंच घात होतो. बोटभर पेर मागे राहिलं तरी ते झाड आहे. टोळी नवखी असेल तर एका सकाळी दहा मीटर लांब-रुंद दाट पट्ट्यापेक्षा जास्त हाती घेऊ नये. खोडाचा चीक अंगाला लागतो, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत.

काढलेला माल तलावाच्या पोटात, पाळीवर किंवा सांडव्याजवळ टाकू नका. सांडव्यात खोडं अडकली की जादा पाणी पाळीवरून जातं, आणि मातीची पाळ एकदा वरून वाहू लागली की फुटायला वेळ लागत नाही. उंच, कोरड्या बरडावर मुळं वर करून पसरावं, मेच्या उन्हात तीन-चार आठवडे खडखडीत वाळू द्यावं. त्याआधी उकिरड्यावर नको. तणनाशक तर नकोच. त्याच पाण्यावर गुरं आहेत, मासे आहेत.

सुरुवात कुठल्या तलावापासून करायची, हेही पाहावं लागतं. मामा तलाव सुटे नाहीत. वरच्याच्या सांडव्याचं पाणी खालच्यात येतं. खालचा स्वच्छ केला आणि वरच्यात बेशरम तसंच राहिलं, तर पहिल्या पुरात तुकडे वाहून येणारच. म्हणून वरून खाली यावं. ते जमत नसेल तर येव्याच्या, म्हणजे तलावात पाणी आणणाऱ्या, नाल्यात पावसाआधी बांबूची ताटी ठोकावी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर तिला अडकलेलं काढत राहावं.

आता दुसरी बाजू, जिच्याकडे श्रमदानात कोणी बघत नाही. बेशरम उपटलेला काठ उघडा राहिला तर लाटा तो खातात, आणि रिकामी जागा पुन्हा बेशरमच भरतं. तिथं तलावाच्या मूळ वनस्पती परत आणाव्या लागतात. पाण्याखालचे चिला आणि चिऊल, पानं पसरणारी राजोली, उथळ काठावरची गाद आणि देवधान. मासे अंडी घालतात ती या गवतात, पिल्लं लपतात ती इथंच. आमच्या भागातल्या ढिवर (मासेमारी करणाऱ्या समाजाच्या) बायांना कुठल्या तलावात कुठल्या कोपऱ्यात काय उगवायचं हे आजही पाठ आहे. शिबिराच्या पहिल्या दिवशी व्याख्यान ठेवण्याऐवजी त्यांच्यासोबत काठानं एक फेरी मारावी.

लागवडीसाठी उन्हाळ्यात, माती वाफशावर असताना, फक्त उथळ पट्टा नांगरून घ्यावा. कडक गाळात मुळं शिरत नाहीत, रोप उपटून तरंगतं. पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चढलं की रोपं लावायची. ती शेजारच्या चांगल्या तलावातून, एका जागेवरून तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त न घेता, चिखलाच्या गोळ्यासकट ओल्या पोत्यात आणावीत आणि त्याच दिवशी हात-दीड हातावर खोचावीत. चिला, चिऊल मात्र गुडघ्याच्या पुढच्या पाण्यात, मातीच्या गोळ्यात बांधून सोडायचे. ज्या तलावात जलपर्णी आहे तिथून काहीही आणू नका. तिचं नखाएवढं रोप सोबत आलं तर बेशरम बरं म्हणायची पाळी येईल.

देवधानाचं बी वेगळं जमवावं लागतं. ऋषिपंचमीच्या उपासाला हे बिननांगराचं धान्य चालतं, त्यामुळे घरोघरी ओळखीचं आहे. पण दाणा पिकला की लोंबीतून झडतो, थांबून चालत नाही. पिकू लागताच सकाळच्या दवात टोपलीवर लोंब्या झटकून घ्याव्यात.

लागवडीवर दोन संकटं येतात. एक गुरं. कोवळा पट्टा पहिल्या वर्षी काट्याच्या कुंपणानं राखावा लागतो, पाण्यावर उतरायची वाट सोडून. दुसरं गवत्या मासा, म्हणजे ग्रास कार्प. त्याचं बीज सोडलं तर एका पावसाळ्यात सगळी लागवड फस्त होते. म्हणून मच्छीमार सहकारी संस्थेशी आधी बोलून किमान दोन वर्षं तो न सोडण्याचं ठरवावं. तलावाचा ठेका त्यांचा आहे, त्यांना वगळून केलेलं काम टिकत नाही.

यंत्राच्या कामाबद्दल एक सांगणं आहे. गाळ काढताना जेसीबी काठ उभा कापतो आणि तळ ताटासारखा सपाट करतो. गाद, देवधान उगवतात तो उथळ उतारच मग उरत नाही. चिकणमातीचा थर फोडून मुरूम उघडा पडला की पाणी झिरपून जातं. पाळीच्या पायथ्याशी खड्डा घेतला तर पाळ खचते. कोहळी समाजानं बांधलेल्या या तलावांत पाळ, तुडूम (पाणी सोडायचं दार), सांडवा यांचा मेळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानं बसलेला आहे. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५० च्या कायद्यानं गेली, तलाव सरकारकडे आले आणि दरवर्षीची गावकीची डागडुजी मागे पडली. आज १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. माती हलवायची असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि तिथल्या लघुपाटबंधारे विभागाची परवानगी दोन्ही हवीत.

मोठ्या तलावातलं सगळं बेशरम एकाच उन्हाळ्यात काढू नये, असं आमचं मत आहे. दाट झुडपांत बगळे, पाणकोंबड्या आसरा घेतात. लावता येईल तेवढाच पट्टा दरसाल मोकळा करावा. काढलेल्या पट्ट्यात जुलैअखेर एक आणि दिवाळीनंतर एक फेरी हवीच. मऊ चिखलातला वीतभर फुटवा हातानं निघतो, सब्बल लागत नाही. दहा माणसांचं एका सकाळचं काम. तीन वर्षं हे चुकलं नाही तर फुटवे मोजण्याइतके कमी होतात. एक वर्ष चुकलं की पुन्हा टिकासच घ्यावं लागतं.

महाविद्यालयांना विनंती एवढीच की हिवाळी शिबिरात बेशरमाला हात लावू नये. त्या सात दिवसांत काठाचा नकाशा काढता येईल, बेशरमाचे पट्टे पावलांनी मोजता येतील, येवा कुठून येतो ते पाहता येईल, पाळीवरची उंदरांची बिळं माती ठोकून बुजवता येतील. खणायला त्याच मुलांपैकी पंचवीस जण मे महिन्यात आठ सकाळी आले तरी पुरे. त्यांच्या पाण्याची आणि नाश्त्याची सोय गावं करतील.

आपले,
तलावांवर श्रमदान करणारे काही गावकरी
अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया