भरावाआधी समुद्रतळाचा सातबारा पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या माणसाने समुद्राबद्दल पत्र लिहिणे आगाऊपणाचे वाटेल. पण पाण्याखाली काय साचले आहे हे वरून ओळखायचा खटाटोप या शहराला नवा नाही. दिंडोरी रोडवरची आपली ‘मेरी’ (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) उपग्रहचित्रांतून जलाशयाचा पसारा मोजते, पाणीपातळीशी ताडून पाहते आणि धरणातल्या गाळाचा अंदाज काढते. त्या चित्रांत पाण्याची कड दिसते, तळ नाही.

किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राचा तळ मात्र विमानातून लेसर सोडून पाहता येतो. अवरक्त किरण पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परततो. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण आत शिरतो आणि तळाला टेकून येतो. दोघांच्या वेळेतल्या फरकावरून खोली कळते, मीटरमागे जाऊन-येऊन सुमारे ९ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश). खरी गंमत परतणाऱ्या प्रकाशाच्या जोरात आहे. वाळू लख्ख उत्तर देते, समुद्री गवत बराचसा प्रकाश गिळून टाकते, खडक-प्रवाळ उंचसखलपणावरून ओळखू येतात. खडकांमुळे जिथे बोट न्यायची छाती होत नाही, तिथूनही विमान सहज जाते.

पाणी गढूळ असले की मात्र सगळे अडते. पाणी किती नितळ आहे हे पाहायला पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची. ती जिथे दिसेनाशी होते त्या खोलीच्या साधारण दोन-तीन पट, एवढीच लेसरची धाव. तबकडी ५ मीटरवर लपली तर १०-१५ मीटरपर्यंतचाच तळ हाती लागणार. म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात हे उड्डाण वाया, आणि खाडीच्या चिखलपाण्यात बोट नि ध्वनिलहरींनी खोली मोजणारे ‘सोनार’ यंत्रच बरे. एकदा विमान फिरवले की सगळे कळले, असे कुणी सांगू लागले तर खुशाल हसावे.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकाळ, उथळ पाण्यात हिवाळ्यात हा प्रयोग करण्याजोगा आहे. नकाशावरचा काळा डाग गवताचा की शेवाळलेल्या खडकाचा, हे शेवटी बुडी मारूनच ठरवावे लागते. त्याआधी रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना, विचारावे. जाळे कुठे अडकते ते त्यांना पाठ असते. त्याबद्दल त्यांना सर्वेक्षकाचे मानधन द्यावे, नुसता चहा नको.

माझी मागणी एवढीच, की बंदराच्या किंवा जेट्टीच्या प्रत्येक पर्यावरण अहवालाला तळाचा असा नकाशा जोडावा आणि जनसुनावणीच्या आधी तो मराठीत गावच्या चावडीवर लावावा. जमीन घेताना आपण सातबारा पाहतोच की.

— एक निवृत्त भूगोल शिक्षक, नाशिक