शस्त्रक्रियेनंतर सुजणारा हात

महोदय,

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढाव्या लागल्या किंवा तेथे किरणोपचार झाले, तर हातातील लसिकाद्रव (ऊतींमधून परत वाहणारा पातळ द्रव) वाहून जाण्याचा मार्ग अडतो आणि हात सुजू शकतो. कधी काही महिन्यांनी, तर कधी कित्येक वर्षांनी. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या बाबतीत हे प्रथम सांगितले ते बांगड्यांनी. डाव्या हातातल्या काचेच्या बांगड्या साबण लावूनही निघेनात, आणि आम्ही घरच्यांनी मात्र 'द्राक्षबागेतल्या छाटणीने हात भरून आला असेल' असे म्हणत आठ महिने तेल चोळण्यात घालवले, याची खंत आजही वाटते.

दोन्ही हातांचा घेर ठरलेल्या जागी टेपने मोजत राहिल्यास २ सेंटिमीटरचा फरकही डॉक्टरांना दाखवण्यास पुरेसा असतो. सुजेमागे रक्ताची गुठळी किंवा पुन्हा उद्भवलेला कर्करोग नाही ना, हे त्यांनी तपासल्यावर दाबपट्ट्या, मापाची दाबबाही (हातावर घालायची घट्ट लवचिक बाही), व्यायाम आणि त्वचेची निगा यांनी सूज आटोक्यात राहते. लवकर सुरुवात केली तर अधिक चांगल्या प्रकारे. बागेतल्या तारेचा साधा ओरखडाही अशा हाताला जंतुसंसर्ग करू शकतो, म्हणून हात लाल व गरम होऊन ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सांगली-मिरजेतील रुग्णालयांनी शस्त्रक्रियेपूर्वीच दोन्ही हातांची मापे घेऊन ती घरी सोडताना मराठीतील सूचनांसह रुग्णाच्या हाती द्यावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)